मडगार्ड न काढता

मिल बंद झाल्यावर काही वर्षांनी बाबांनी बॅटरीवर चालणारी सायकल घेतली. तोपर्यंत आमच्या लाइनीत कुणी तसली सायकल पाहिलेली नव्हती. मिलच्या कामगारांच्या घरांच्या रांगांना आम्ही लाइन म्हणायचो. मिल गेली तरी लोक तिथेच राहात होते. कुणी भाजीची गाडी लावली होती, कुणी इंदूरच्या सियागंज बाजारात हमाली करत होतं, आणि सकाळी भोंगा नसतानाही सगळे त्याच वेळी उठत होते.

बाबा मिलमध्ये वायरमन होते. आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते आणि बाबांनीही भरती व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण बाबा आयटीआय करून मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात लागले. तिथेच एकदा शिडीवरून पडून त्यांचा उजवा गुडघा गेला. तो पुरता वाकत नसे. मिल बंद झाल्यावर राऊच्या एका नव्या खाजगी कॉलेजात त्यांना काम मिळालं. पंखे, मोटारी, लॅबमधलं वायरिंग, सगळं त्यांच्याकडे. घरापासून राऊ लांब. साधी सायकल मारवत नसे, स्कूटरची किक त्या पायाने बसत नसे, आणि टेम्पोत लोंबकळत जायला ते तयार नव्हते.

त्या दिवसांत इंदूरमध्ये काचेच्या दारांची दुकानं नव्याने उघडत होती. अशाच एका दुकानात ही सायकल आली. माल बाहेरच्या देशातला होता आणि खोक्यावरची अक्षरं दुकानदारालाही वाचता येत नव्हती. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर, सीटखाली बॅटरीचा जड डबा, आणि दोन्ही चाकांवर खोल, लांब, काळी मडगार्डं. बाबांनी ती एक फेरी चालवून पाहिली, खाली वाकून वायरी कुठून कुठे जातात ते बघितलं आणि घेतली. आईला त्यांनी घरी आणल्यावरच सांगितलं.

"चालेल का पण?" आईने विचारलं.

"न चालायला काय झालं? मोटर आहे, बॅटरी आहे. बिघडली तर मी आहे."

लाइनीतल्या लोकांनी थोडे दिवस चेष्टा केली. "काय भिया, आज चार्ज होऊन निघाले का?" असं कुणीतरी रोज, भैयाचं इंदुरी भिया करून, म्हणायचं. मग सवय झाली. सायकल खरंच बिघडली नाही. दुकान मात्र वर्षभरात उठलं. त्या काचेच्या दारामागे पेजर आणि मोबाईल आले, आणि आधीच्या मालकाचा पत्ता तिथे कुणाला माहीत नव्हता.

हे सगळं टायर झिजले तेव्हा लक्षात आलं. आधी मागचा गेला, कारण मोटर आणि बॅटरी दोन्हींचं वजन त्याच्यावर. नक्षी पुसून गुळगुळीत झाला होता आणि कडेला चिरा पडून आतलं कापड दिसत होतं. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि सकाळी मोकळी असायचे, म्हणून बाबा मला बरोबर घेऊन सायकलवाल्यांच्या गल्लीत गेले. टायरवरचा नंबर वाचायला त्यांना चष्मा लागायचा आणि चष्मा ते घरीच ठेवत.

नंबर होता सव्वीस. मला वाटलं, सव्वीस मागायचं आणि घ्यायचं. पहिल्या दुकानदाराने सव्वीसचा टायर काढून दिला. तो बारीक होता, बायकांच्या सायकलला लागतो तसा. त्याने आमच्या मागच्या चाकावर चढवून पाहिला, तर तो रिमवर बसेचना, बाहेरच राहात होता. दुकानदाराने दोन्ही टायर शेजारी धरले. दोन्हींवर सव्वीस लिहिलेलं, पण एकाचं भोक दुसऱ्यापेक्षा मोठं. बाबांनी माझ्याकडून दोन्हींवरचे आकडे पुन्हा वाचून घेतले. सव्वीसच्या पुढे लिहिलेलं वेगळं होतं. एकावर अपूर्णांक, दुसऱ्यावर दशांश. तेवढ्या फरकाने टायर बसत नव्हता.

पुढच्या दुकानात बरोबर भोकाचा टायर मिळाला, पण तो रेंजर सायकलचा, जाडजूड, वर रबराची बटणं असलेला. कॉलेजची पोरं तेव्हा तसल्या सायकली मिरवायची. तो रिमवर नीट बसला. चाक परत लावलं तर बटणं मडगार्डला आतून घासायला लागली.

"मडगार्ड निकाल दो," दुकानदार म्हणाला. "आजकल कौन लगाता है, भिया? इसमें तो और जमेगी."

मलाही तेच पटलं. मी बाबांना म्हटलं, "खरंच काढून टाका ना. दिसायलाही बरी दिसेल."

"दिसायला बरी दिसेल आणि राऊपर्यंत चिखल थेट मोटरच्या वायरीवर उडेल," बाबा म्हणाले. "मडगार्ड राहणार."

त्यांनी तो बटणांचा टायर घेतला, घरी आणला आणि मागच्या मडगार्डच्या खाली वायसर घालून ते थोडं वर उचललं. घासणं थांबलं. पुढचा टायर अजून चालण्यासारखा होता, तो तसाच ठेवला. आईने विचारलं, झालं का? बाबा म्हणाले, झालं.

पावसाळा अर्धा सरला होता. राऊच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि एका ठिकाणी सगळी वाहनं शेतातून वळवली होती. माळव्याची काळी माती ओली झाली की चपलेला लागते, सुटत नाही, प्रत्येक पावलाला वाढत जाते. त्या दिवशी बाबा त्या शेतातून जात असताना ती टायरच्या बटणांमध्ये भरली आणि तिथून मडगार्डमध्ये ठासली गेली. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, मोटर मात्र जोर लावत राहिली. सायकल आडवी झाली आणि बाबा त्याच उजव्या गुडघ्यावर पडले.

एका दूधवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्याच्या सायकलवर मागे कॅन, पुढे दांडीवर बाबा, आणि सायकल त्याने तिथल्याच एका टपरीवर ठेवलेली. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला होता. डॉक्टरने हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं आणि झोपून राहायला लावलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुखतं का विचारलं तर नाही म्हणायचे. कॉलेजातून निरोप आला की ते बरे होईपर्यंत दुसरा माणूस काम बघतो आहे.

सायकल घरी आणल्यावर मी काडीने मडगार्डमधली माती उकरून काढली. ती वाळून विटेसारखी झाली होती. आई दारात उभी राहून बघत होती. ती बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हातोदला मिळेल टायर."

आत खाट करकरली.

हातोदला जॉबरकाका राहात होते. मिलच्या विणाई खात्यात ते जॉबर होते, म्हणजे काही मागांची आणि त्यांवरच्या माणसांची देखरेख त्यांच्याकडे. तेव्हा आमच्या समोरच्याच घरात त्यांचं बिऱ्हाड होतं. मला सायकल त्यांनीच शिकवली, मिलच्या मागच्या मैदानात, कॅरिअर धरून पळत पळत. बाबा आणि ते एकाच पाळीला जायचे, एकत्र यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून तासन्‌तास वाद घालायचे.

मिलच्या शेवटच्या वर्षी वादाचं स्वरूप बदललं. मालकांनी सांगितलं की एका माणसाने जास्त माग सांभाळले तर मिल चालेल. म्हणजे काही माणसं कमी होणार. जॉबरकाकांनी त्या करारावर सही केली. त्यांचं म्हणणं होतं की अर्धे तरी वाचतील. बाबा दुसऱ्या युनियनचे. गेटवर सभा झाली, तेव्हा बाबा एका खोक्यावर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माणूस मालकाच्या खिशात बसला आहे. त्याला ओळखून ठेवा." मी तिथे नव्हते. लाइनीतल्या प्रत्येकाने ते मला आपापल्या परीने सांगितलं. जॉबरकाका गर्दीतून निघून गेले, एवढं मात्र सगळे एकसारखं सांगायचे.

पुढे मिल बंदच पडली. करारवाले आणि बिनकरारवाले दोघेही एकाच कुलपाबाहेर उभे राहिले. जॉबरकाका हातोदला बायकोच्या माहेरी गेले आणि तिथे त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. बाबांनी त्यांचं नाव घेणं सोडलं. आम्हीही बाबांसमोर ते घेत नव्हतो. आई आणि काकू मात्र लग्नकार्यात भेटत होत्या, बोलत होत्या. हे बाबांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

"त्यांच्याकडे दूधवाले येतात," आई पुढे म्हणाली. "चार-चार कॅन लादून चिखलातून जातात ते. त्यांना लागतो तसा टायर ते ठेवतात. काकू सांगत होती."

बरेच दिवस गेले. गुडघ्याची सूज उतरली. एका रविवारी सकाळी बाबांनी पाना घेतला, सायकल उलटी केली आणि पुढचं चाक काढलं, कारण आता तोही टायर झिजला होता, आणि मोटरचं जड मागचं चाक बसमधून नेण्यासारखं नव्हतं. मग पुढचं मडगार्डही काढलं.

"चल," ते मला म्हणाले. "हातोदच्या बसला गर्दी होईल."

एका हातात मी मडगार्ड धरलं होतं, बाबांनी चाक. लंगडत ते माझ्यापुढे बसमध्ये चढले. कंडक्टरने आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाबूजी, बाकी की साइकिल पीछे वाली बस से आ री है क्या?"

बसमधले लोक हसले. बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. चाक मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले आणि हातोद येईपर्यंत बाहेर बघत राहिले. सोयाबीनची शेतं होती, मधेच कुठे नव्या कॉलनीचे खांब रोवलेले होते. मी विचारलं, काय बोलाल तुम्ही? ते म्हणाले, "टायर दाखवा म्हणेन. और काय?"

दुकान मंडीच्या रस्त्यावर होतं. रविवार असूनही दोन-तीन दूधवाले उभे होते. जॉबरकाका पाटावर बसून एका चाकाला हवा भरत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी आधी मला ओळखलं.

"अरे बेटा, तू?" असं म्हणताना त्यांची नजर माझ्या हातातल्या मडगार्डकडे गेली आणि मग मागे, बाबांकडे. पंप मारणारा हात थांबला. बाबा चाक घेऊन रस्त्यातच उभे होते.

"टायर पाहिजे," बाबा म्हणाले.

काकांनी पंप खाली ठेवला. मग हात पुढे करून म्हणाले, "आण इकडे."

त्यांनी चाक घेतलं, फिरवलं, टायरवरचे आकडे वाचले. हे कुठल्या गाडीचं, मागे काय आहे, वजन किती, असं एकेक विचारत गेले आणि बाबा तेवढ्याचंच उत्तर देत गेले. मोटर. बॅटरी. मी आणि डबा. रोज राऊ. पडल्याचं बाबांनी सांगितलं नाही, मी सांगितलं. काकांनी मान वर केली नाही, पण बाबांच्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं आणि आतून स्टूल आणून त्यांच्याजवळ ठेवलं.

आतून त्यांनी दोन टायर आणले. एक जाड, पण वरून जवळजवळ सपाट, बटणं नसलेला. दुसरा त्याहून अरुंद, हलका. दोन्ही आमच्या रिमला बसणारे. जाड टायर त्यांनी उलटा करून आतली बाजू बाबांना दाखवली.

"कापड बघ. दाट आहे. दूधवाल्यांसाठी मागवतो मी हा."

बाबांनी आतून बोट फिरवलं. "दोन दे असेच."

"दोन नको. मागे हा लाव. पुढे बारीक."

"पुढेही हाच पाहिजे. बारीक टायर खड्ड्यात फाटेल."

"फाटणार नाही. हवा बरोबर ठेवलीस तर नाही फाटत. तुझी सवय मला माहीत आहे, तू पंप हातात धरायचा आळस करतोस."

"मी आळस करतो?"

"मिलमध्ये तुझ्या सायकलीत हवा कोण भरायचं?"

एक दूधवाला माझ्याकडे बघून हसला. बाबा स्टुलावरून उठले आणि म्हणाले की वजन दोन्ही चाकांवर येतं, एकटं मागचं काय घेऊन बसलास. काका म्हणाले की वजन मागे येतं, हे वायरमनला कळणार नाही. आवाज चढले. ओट्यावरचे ते जुने वाद मी लहानपणी झोपेतून ऐकलेले होते, आणि हे त्याच आवाजातलं बोलणं होतं. मला वाटलं, आता आम्ही टायर न घेताच परत जाणार.

काका वाद सोडून उठले. दुरुस्तीला आलेल्या एका सायकलचं पुढचं चाक त्यांनी काढलं, त्या रिकाम्या चिमट्यात आमचं मडगार्ड बसवलं आणि आमच्या रिमवर जाड टायर चढवून ते चाक खाली लावलं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोट जेमतेम जात होतं. मग ते नळापाशी गेले, तिथली ओली काळी माती मूठभर उचलली आणि टायरवर थापली. "फिरव," ते बाबांना म्हणाले.

बाबांनी चाक फिरवलं. माती चिमट्यापाशी, जिथे मडगार्ड सगळ्यात अरुंद होतं, तिथे जाऊन अडकली. पुन्हा थापली, पुन्हा फिरवलं. चाक थांबलं.

काकांनी टायर बदलला. आता बारीक टायर, पुन्हा तीच माती. चाक फिरलं, मातीचे गोळे मागून खाली पडले. काही मडगार्डला चिकटले, पण चाक फिरत राहिलं. बाबांनी ते बराच वेळ फिरवलं. मग हात पुसले.

"मागे अडकणार नाही?"

"मागे जागा जास्त असते. तू वायसर घातले आहेस ना? राहू दे तसेच. आणि बटणं नाहीत, त्यामुळे माती धरून राहणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "दे."

काका टायर नीट बसवायला लागले. कडेची तार रिमच्या खाली ढकलत, अंगठ्याने दाबत ते चाक गोल फिरवत होते. बाबा त्यांच्या शेजारी वाकले, दुखरा पाय लांब करून, आणि दुसऱ्या बाजूने चाक धरलं.

"गेटवर मी जे बोललो ना..." बाबांनी सुरुवात केली.

"हात बाजूला घे, चिमटेल."

बाबांनी हात काढला. काकांनी शेवटचा भाग आत ढकलला, ट्यूब कुठे दबली नाही ना ते पाहिलं आणि पंप लावला. हवा भरून झाल्यावर ते म्हणाले, "लागलं होतं मला. लागलं नाही असं मी कसं म्हणू? घरी येऊन जेवलो नव्हतो त्या दिवशी. पण मिल तुझ्या बोलण्याने बंद नाही झाली."

"तुझ्या सहीनेपण नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

यापुढे त्यांच्यात त्या विषयावर काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. काकूंनी आतून हाक मारली. पोहे झाले होते. आम्ही खाल्ले. काकूंनी आईची चौकशी केली, माझ्या लग्नाचं विचारलं, आपल्या भावाच्या ओळखीतला एक मुलगा देवासला आहे असं सांगितलं. बाबा दुकानाच्या छताकडे बघत होते.

"हे वायरिंग कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"इथल्याच एकाने."

"आग लागेल एक दिवस. अर्थिंगच नाही."

"मग तू कर ना. तोंड कशाला वाजवतोस?"

पुढच्या रविवारी बाबा वायरचं बंडल आणि पक्कड घेऊन हातोदला गेले. मी गेले नाही. संध्याकाळच्या बसने ते परत आले, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. आई विचारायची, काय बोललात दोघं? ते म्हणायचे, "काही नाही. टायर, पंप, सोयाबीन."

टायर चांगले निघाले. मागचा तर गाडीपेक्षा जास्त टिकला म्हणायला हरकत नाही, कारण बॅटरी त्याच्या आधी संपली आणि तसली बॅटरी इंदूरमध्ये कुणाकडे नव्हती. बाबांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ती चालवून पाहिली. चालली, पण वजन इतकं की चढावर आई चालत पुढे गेली असती. राऊच्या कॉलेजने तोवर दुरुस्तीचं सगळं काम एका ठेकेदाराला दिलं आणि बाबांना बोलावणं बंद झालं. काकांच्या दुकानाशेजारची एक खोली रिकामी होती. हातोदच्या शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी जळाल्या की त्या इंदूरला न्याव्या लागत. बाबांनी त्या खोलीत जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायला सुरुवात केली. सायकलची मोटर त्यांनी चाकातून काढली आणि तारेची गुंडाळी फिरवायला तिथे बसवली. उरलेली सायकल, मडगार्डांसकट, एका दूधवाल्याने नेली.

मी पुढे नोकरीसाठी पुण्याला आले. सुट्टीत गेले की एक दिवस हातोदला जायचे. दोघे आपापल्या दारात बसलेले असत, मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडून मोठ्याने बोलत. बहुतेक वेळा वाद चाललेला असे. एकदा मी पोचले तेव्हा विषय होता हातोदपर्यंत नवा रस्ता झाला तर धंदा वाढेल की गिऱ्हाईक थेट इंदूरला जाईल. काकांचं म्हणणं वाढेल. बाबांचं म्हणणं बुडेल. मला दोघांनी विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला माहीत नाही. बाबा म्हणाले, हिला पुण्यात काय कळणार, आणि काकांनी पंप बाजूला ठेवून चहा सांगितला.